मोबाईल काढून घेतला की छळ थांबतो?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर ओळीनं लागतात. घर बदलापूरला, क्लास अंबरनाथला, कॉलेज उल्हासनगरला, असं इथल्या कितीतरी मुलांचं असतं. त्यामुळे वर्गातल्या एखाद्या मुलीचा फोटो कापून कुणी रात्री व्हॉट्सअॅप स्टिकर केला, तर सकाळी ती लोकलमध्ये चढण्याआधीच तो डब्यातल्या चारजणींनी पाहिलेला असतो. अशा वेळी घरोघरी एकच उपाय सुचवला जातो : मोबाईल काढून घ्या. माझ्या मते हा उपाय छळणाऱ्याच्याच पथ्यावर पडतो.

‘आमच्या वेळीही टोपणनावं ठेवायचेच की,’ असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, पण त्या चिडवण्याला शाळेची घंटा होती. आता ते घरी येतं, पांघरुणात शिरतं, साठवलं जातं आणि महिन्यांनी पुन्हा वर काढलं जातं. युनिसेफनं 2019 मध्ये भारतासह 30 देशांतल्या तरुणांना विचारलं, तेव्हा तिघांतल्या एकानं ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं, तर पाचांतल्या एकानं त्यापायी शाळा बुडवल्याचं. 2024 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेल्या मुलीच्या गुणांपेक्षा तिच्या चेहऱ्यावरच्या केसांचीच चर्चा देशभर झाली. याला थट्टा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता मोबाईलचं. तो काढून घेतला तरी स्टिकर इतर पन्नास मोबाईलमध्ये राहतोच. फक्त आपल्याबद्दल काय चाललंय हे त्या मुलीला कळेनासं होतं. पुढच्या वेळी ती घरात सांगतच नाही, कारण सांगितलं की शिक्षा आपल्यालाच होते हे तिला कळून चुकलेलं असतं. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर बदलापुरात इंटरनेट बंद करावं लागलं. पीडित मुलींविषयी अफवा पसरवल्याबद्दल एका तरुणीला अटकही झाली. पण जे आधीच हजारोंनी वाचलं होतं, ते नेट बंद करून पुसलं जाणार नव्हतं. ‘मग कायदा कडक करा,’ असाही आग्रह असतो. तसं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ होतं. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा त्याचा वापर झाला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. त्यानंतरही आपण काही निःशस्त्र झालेलो नाही. मुलांच्या लैंगिक छळाला पोक्सो आहे, ऑनलाइन पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे, आणि केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. उणीव आहे ती घरातल्या एका वाक्याची : ‘सांग, मोबाईल तुझ्याकडेच राहील.’ हे वाक्य ऐकलेली मुलगी स्क्रीनशॉट काढते, नंबर आणि तारीख जपते, ग्रुपमधल्या एखाद्या मैत्रिणीला ‘हे पुढे पाठवू नकोस’ म्हणायला धजावते. पोलीस ठाण्यात गेलेल्या बापाला पुरावा मागितला जाणारच, आणि तो त्यानंच रागाच्या भरात चॅट पुसून कपाटात टाकलेल्या मोबाईलमध्ये होता.