बरणीतला तांदूळ आणि बांधावरचा धूर



मिरचीची तिसरी तोडणी झाली, गडी दोन दिवस मोकळे झाले, म्हणून भाचीकडे दादरला जाऊन आलो. वाणगावला सकाळची लोकल धरली. (2013 ला डहाणूपर्यंत लोकल आली ते बरं झालं.) संध्याकाळी भाची म्हणाली, "मामा, किराणा आणायला जायचंय, ते रिकामे डबे घे तुझ्या हातात." मला वाटलं दळणाला निघालोय.

तर ते दुकान म्हणजे हल्ली शहरात निघालीत तसलं, 'झिरो वेस्ट'. भिंतभर काचेच्या बरण्या. डाळ, तांदूळ, नाचणी, शिकेकाई, रिठे, भांडी घासायला नारळाचा काथ्या. तेलाला खाली नळ. आपला डबा आधी रिकामा तोलायचा, मग भरून तोलायचा, मधल्या वजनाचे पैसे द्यायचे. पिशवी नाही, पुडी नाही. लंडनला असं दुकान 2007 मध्ये निघालं, 'अनपॅकेज्ड' नावाचं, बर्लिनला 2014 मध्ये. आता ती चाल आपल्याकडे आलीय.

मला हसू आलं. आमच्या लहानपणी बोईसरच्या बाजारात दुसरं काय होतं? वाण्याकडे तेलाची बाटली घरून न्यायची, मीठ-मिरची कागदाच्या पुडीत. अजूनही पावसाळ्याच्या तोंडाला पालघर-बोईसर स्टेशनाबाहेर आदिवासी बाया शेवळं, कंटोली घेऊन बसतात. पानावर वाटा मांडलेला, तराजू नाही की पिशवी नाही. ते आपलं मूळचं झिरो वेस्ट दुकान. त्याला कुणी तसं नाव दिलं नाही आणि वाट्याचा भाव करताना आपण तिथं पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

बरणीवर कोलम 130 रुपये किलो लिहिलेला. माझा घरचा कोलम मी 65 ला देतो. पहिला राग भावाचा आला, खोटं कशाला बोलू. पण दादरमधलं भाडं, निवडणं, पाव-पाव किलो विकणं धरलं तर दुकानदार एकटाच मलई खातो असंही नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. मी तिथल्या पोराला विचारलं, "बरणी दिसली, पण बरणीपर्यंत तांदूळ येतो कशातून?" त्यानं मागच्या खोलीत नेलं. प्लास्टिकची पांढरी पोती, आत पातळ पिशवीचं अस्तर. म्हणाला, "काका, शेतकरी असंच पाठवतात."

हे लागलं मला. कारण मीही असंच पाठवतो.

घरी आल्यावर शेतात एक फेरी मारली, यावेळी पिकाकडे न बघता. मिरचीखालचा मल्चिंग पेपर, फाटलेल्या ड्रिपच्या नळ्या, रोपांचे ट्रे, औषधांच्या बाटल्या. बांधाच्या कोपऱ्यात काळा डाग, जिथं आम्ही दरवर्षी मल्चिंग पेटवतो. भंगारवाला तो घेत नाही, माती चिकटलेली असते म्हणतो. 2022 च्या डिसेंबरपासून पिशवी 120 मायक्रॉनच्या खाली नको असा देशभर नियम आहे, बाजारात भाजीवालीला त्यापायी दंड भरावा लागतो. आपला पेपर असतो 25-30 मायक्रॉनचा. पिशवीचा नियम त्याला लागत नाही, पण माती काय नियम वाचून प्लास्टिक जिरवते? यंदा नांगरताना दर दोन पावलांवर चिंधी निघाली.

आपण तारापूरच्या एमआयडीसीला बोल लावतो आणि तो बरोबरच आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुण घेऊन देशात पहिलं होतं. खाडीची मासळी कुठं गेली हे कोळीवाड्यात विचारा. कारखान्याचा धूर आणि माझ्या बांधावरचा धूर एका मापाचे नाहीत, हे मलाही कळतं. पण कारखान्याचा धूर बंद करणं माझ्या हातात नाही. बांधावरचा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. अशा दुकानांची टिंगल करू नका. ती आपली गिऱ्हाइकं आहेत. पण बरणीच्या अलीकडचं काम आपल्यालाच करावं लागेल. मी काय ठरवलंय ते लिहितो:

1. दुकानाला तांदूळ तागाच्या गोणीत. गोणी परत यायची, तिची अनामत धरायची. कापडी पिशवी दिली तर तीही परत. डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासात (2018) निघालं की, हवामानाच्या हिशेबात साधी सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली तरच प्लास्टिकला भारी पडते. नवी पिशवी फुकट वाटणं म्हणजे पर्यावरण नव्हे.

2. तांदूळ सुटा ठेवला की आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत पावसाळ्यात लगेच टोके होतात. म्हणून साठा भाताचाच, चांगला वाळवून, कणगीत. मागणी येईल तसं भरडून थोडं थोडं पाठवायचं. आजीची कणगी उगाच नव्हती.

3. लेबल खरं. माझा कोलम वाणगावचा आहे. वाडा कोलमला 2021 मध्ये जीआय मिळालं, ते नाव माझ्या गोणीवर चालणार नाही, हे दुकानदाराला आधीच सांगितलं.

4. मल्चिंग एकदम सोडणार नाही. पाणी वाचतं, तण दबतं, हे नाकारून कसं चालेल? पण पुढच्या हंगामात चार ओळींवर भाताचा पेंढा टाकून बघणार. बाकीचा पेपर विरायच्या आत काढायचा, जाळायचा नाही. औषधाच्या बाटल्या तीन वेळा विसळायच्या, ते पाणी पंपातच ओतायचं, बाटलीला भोक पाडून वेगळी ठेवायची.

पेंढ्याखाली गोगलगायी वाढतील, मजुरी वाढेल, हे दिसतंय. जमलं नाही तर तेही इथं लिहीन.

आणखी एक. दादरपर्यंत जायची गरज काय? बोईसरला कारखान्यांची, अणुशक्ती केंद्राची एवढी वस्ती आहे. पाच-सहा शेतकऱ्यांनी रविवारी सुटा माल घेऊन बसावं, गिऱ्हाइकानं डबा आणावा. 130 आणि 65 च्या मधला भाव दोघांनाही परवडेल. आणि त्या ओळीत पहिली जागा शेवळंवाल्या बाईला द्यावी, आपण तिच्याकडून शिकलोय.

कोण कोण तयार आहे ते खाली लिहा. आणि माती लागलेला मल्चिंग घेणारा भंगारवाला पालघर-बोईसर पट्ट्यात कुणाला माहीत असेल तर आधी ते सांगा. माझ्याकडं दोन ढीग पडलेत, अजून पेटवलेले नाहीत.