साव आणि सावकार

मराठीत ‘साव’ म्हणजे सचोटीचा, निर्दोष माणूस, चोराच्या उलट. अपराध करून सोज्ज्वळपणाचे सोंग घेणाऱ्याविषयी आपण ‘सावाचा आव आणतो’ असे म्हणतो. या ‘साव’ला ‘कार’ जोडून सिद्ध झालेला ‘सावकार’ मात्र मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत बहुधा खलपुरुष म्हणूनच वावरतो. एकाच कुळातील दोन शब्दांपैकी एकाने सज्जनाचे नाव व्हावे आणि दुसऱ्याने पिळवणूक करणाऱ्याचे, हा प्रकार शब्दाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे. त्याची जी उपपत्ती सहसा दिली जाते ती अपुरी आहे, आणि ती स्वीकारल्यामुळे एका भारतीय भाषेतून दुसरीत होणाऱ्या अनुवादाचे नुकसान होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्युत्पत्तीविषयी फारसा वाद नाही. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’ आणि त्यापासून साव, साह, साहू ही रूपे झाली. ‘साधु’ शब्दाला व्यापारी हा अर्थ फार पूर्वीपासून आहे. मराठी घरांत सत्यनारायणाच्या पोथीतील ‘साधुवाणी’ सर्वांना ठाऊक असतो. परंतु ते विशेषनाम नसून वाण्याची प्रतिष्ठा सांगणारे पद असावे, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते. हा साधू देवाला नवस बोलून तो फेडत नाही आणि होडीतले धन लपवण्यासाठी तीत पालापाचोळा आहे असे खोटे सांगतो. त्याला न केलेल्या चोरीसाठी कारागृहही भोगावे लागते. साव कोण आणि चोर कोण, हा प्रश्न त्या कथेतच उभा आहे.

सर्वसामान्य उपपत्ती अर्थापकर्षाची आहे: शब्द आधी चांगला होता, पुढे सावकारांच्या वर्तनामुळे वाईट झाला. ही मांडणी सोयीची असली तरी पुराव्याशी जुळत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात व्याजाने पैसा देणाऱ्याचे वाचक शब्द सिद्ध केले आहेत, ते निंदेच्या अर्थी. दहा देऊन अकरा घेणारा तो ‘दशैकादशिक’, आणि त्याचे देणे गर्ह्य. म्हणजे व्याजाविषयीची अप्रीती ‘सावकार’ हा शब्द जन्मण्यापूर्वीची आहे. उलट, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आज्ञापत्रात साहुकार हे राज्याचे भूषण ठरवले आहेत. त्यांच्यामुळे राज्य वसते, दुर्मीळ वस्तू येतात आणि प्रसंगी कर्ज मिळते, म्हणून त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, असा तेथे उपदेश आहे. तेथील साहुकार हा मुख्यतः मोठा व्यापारी आहे. टोपीकरही सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, असा इशाराही त्याच ग्रंथात आहे.

त्याच शतकात पहिल्या बाजीरावाने आपल्या कर्जबाजारीपणाची आणि सावकारांच्या पायांवर डोके ठेवून कपाळ झिजल्याची व्यथा धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कळवली. हे स्वामी स्वतःही पेशव्यांना कर्ज देत असत. साधू आणि सावकार येथे एकाच देहात नांदत होते. त्याच्या शतकभर आधी देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. साधू होण्यासाठी सावकारी सोडावी लागते, हा भाव त्या कथेत आहे. आदर आणि निंदा एकापाठोपाठ आल्या नाहीत. त्या प्रारंभापासून शेजारी राहिल्या. शब्दाचा अर्थ काळावर जितका अवलंबून आहे तितकाच बोलणाऱ्याच्या स्थानावर. राज्यकर्त्याचा सावकार वेगळा, कुळाचा सावकार वेगळा. ‘कूळ’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मराठीत कूळ म्हणजे वंश, कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि कूळ म्हणजे सावकाराचा ऋणकोही.

एकोणिसाव्या शतकात बदलली ती या दोन बाजूंमधील शक्ती. इंग्रजी न्यायालयांनी लेखी खताला सर्वश्रेष्ठ पुरावा मानले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे खते तीन वर्षांत नवी करून घेण्याची प्रथा वाढली, आणि प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिसळू लागले. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा त्याची जमीन नेऊ शकत होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला आणि पुणे-नगर भागात पसरलेला उठाव या संदर्भात मोठा अर्थपूर्ण आहे. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या कागदांवर होता; जेथे खते निमूटपणे हाती दिली गेली तेथे बहुधा मारहाण झाली नाही. १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा हे त्याचे फलित होय. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकाराच्या जोडीला लेखणी बाळगणाऱ्या कुळकर्ण्याला आणि सरकारी कामगारांना उभे केले, यात त्यांची मर्मदृष्टी दिसते. १९२५ च्या बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटापर्यंत येताना या शब्दाभोवतीची प्रतिमा पक्की झाली होती.

पण ही प्रतिमा मराठीची आहे. ती साऱ्या भारताची आहे असे गृहीत धरताच चूक होते. गुजरातीत नरसिंह मेहतांची हुंडी वटवणारा शामळशा शेठ हा प्रत्यक्ष श्रीकृष्ण आहे; त्या नावातला ‘शा’ आपल्या ‘साव’चाच सख्खा भाऊ. गुरू नानकांच्या वाणीत परमेश्वर हा खरा साहू आणि माणसे त्याची वणजारी. उत्तर कर्नाटकात धनवान गृहस्थास आदराने सावकार म्हणतात. चेन्नईच्या सौकारपेठेच्या नावात पेढीवाल्यांची वस्ती आहे, तर १९५० च्या ‘षावुकारु’ या तेलुगू चित्रपटातून पुढे आलेल्या अभिनेत्रीने ते नाव बिरुदासारखे मिरवले.

जेथे व्यवसाय तोच पण शब्द निराळा, तेथे अडचण अधिक वाढते. हिंदीत सावकाराला ‘महाजन’ म्हणतात. बंगालीत महाजन म्हणजे सावकार, आणि वैष्णव पदकर्तेही महाजनच. त्यांच्या रचना ‘महाजन-पदावली’ म्हणून ओळखल्या जातात. गोव्यात महाजन म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद. गुजरातेत महाजन ही व्यापाऱ्यांची संघटना होती, आणि १९२० मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संघाने ‘मजूर महाजन’ हे नाव घेतले. मालकांच्या संस्थेचे नाव मजुरांनी आपलेसे केल्याचे हे मोठे सुंदर उदाहरण आहे.

आता प्रेमचंदांच्या १९३६ मधील ‘महाजनी सभ्यता’ या निबंधाचे शीर्षक मराठीत कसे आणावे? ‘महाजनी’ ठेवले तर मराठी वाचकास थोरामोठ्यांची संस्कृती वाटेल. ‘सावकारी’ म्हटले तर नजर खेड्यातील ओसरीपुरती संकुचित होईल. प्रेमचंदांचे लक्ष्य तर पैशाला सर्वस्व मानणारी सारी जीवनरीत आहे. ‘भांडवलशाही’ म्हटले तर अर्थ येईल, पण शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द जाईल. त्यांच्या ‘गोदान’मध्ये होरीला कर्ज देणारे एकाच जातीचे वा धंद्याचे नाहीत: ब्राह्मण दातादीन आहे, झिंगुरीसिंह आहे, दुकान चालवणारी दुलारी सहुआइनही आहे. या सर्वांवर ‘सावकार’ अशी एकच मोहर उमटवणारा अनुवादक कादंबरीतील समाजशास्त्रच पुसून टाकतो. प्रस्तुत लेखक निबंधापुरता ‘सावकारी संस्कृती’ला कौल देईल, परंतु प्रस्तावनेत ‘महाजन’ शब्दाचा हिशेब दिल्यावाचून नाही.

कोशकारांनीही अर्थांचे क्रमांक देऊन थांबू नये. शब्द कोणी, कोणास उद्देशून आणि कोणत्या व्यवहारात वापरला, याची नोंद अर्थाइतकीच आवश्यक आहे. भारतीय भाषांत समान दिसणारे शब्द हे समान अर्थाचे तारण नव्हे. साहूकार, षावुकारु आणि सावकार यांचा तौलनिक कोश हे एका विद्यापीठाचे नव्हे, अनेक भाषाविभागांनी मिळून करण्याचे काम आहे.

आणि हे काम निव्वळ पांडित्याचे नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये सावकारीच्या नियमनाचा जो अधिनियम केला, त्याने परवाना असलेला सावकार आणि अवैध सावकार यांत रेषा ओढली, आणि अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत देवविण्याची तरतूद केली. कायद्याला हा शब्द एका अर्थाने हवा असतो, आणि ते योग्यच आहे. वाङ्मयाने मात्र त्याचे सर्व अर्थ जपले पाहिजेत. कारण व्युत्पत्तीचा आधार घेऊन सावकाराला साव ठरवणे जितके चूक, तितकेच ज्या खतामुळे आणि ज्या न्यायालयामुळे तो बलवान झाला त्यांना विसरून सारा दोष एका शब्दाच्या माथी मारणेही चूक आहे.