वेगाची शिकवणी

या सदरात एरवी भाषा, पुस्तके आणि अधूनमधून शेजारीपाजारी यांच्याविषयी लिहिले जाते. मोटारीच्या वेगाशी मराठीच्या प्राध्यापकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध इतकाच की, शिकवण्याच्या धंद्यात वीस वर्षे घालवल्यावर दुसरा कोणी काही चांगले शिकवताना दिसला की पाय आपोआप थबकतात. शिवाय दिवाळी अंक आहे. थोडी आतषबाजी संपादकही चालवून घेतात.

वेगाविषयी आपल्या घरांतला संवाद ठरलेला असतो. आई म्हणते, “सावकाश जा हो,” आणि मुलगा “हो” म्हणून निघतो. त्या ‘हो’चा खरा अर्थ पाहायचा असेल, तर सुटीच्या दिवशी सकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जावे. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली असे सरकारी अहवाल सांगतो, आणि कारणांच्या रकान्यात सर्वांत वर अतिवेग आहे. ‘सावकाश जा’ हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या चालू असून त्याचा हा असा उपयोग झाला आहे! वेग वाईट आहे असे सांगून तरुण मुलगा ऐकत नाही. तो कोठे करावा आणि कसा करावा, हे सांगणारा भेटला तर कदाचित ऐकेल.

कोठे करू नये, हे इटलीने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. तेथे ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला यायचे, अशी हजार मैलांची शर्यत गावागावांतून, रोजच्या रहदारीच्या सडकांवरून होत असे. १९५७ साली ती पिएरो तारुफी या इंजिनिअरने जिंकली. वय पन्नास, डोक्यावरचे केस पांढरे. (चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे.) पण त्याच शर्यतीत गुइदित्सोलो गावाजवळ दी पोर्तागो नावाच्या तरुण शर्यतपटूच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, त्याचा जोडीदार गेला, आणि कडेला उभे राहून पाहणारी नऊ माणसे गेली. त्यांत पाच लहान मुले होती. भर सडकेवर वेगाने होणारी ती शर्यत तेथेच संपली. तारुफीनेही शर्यती सोडल्या, आणि मोटार वळणातून कशी न्यावी याचे गणित मांडणारे पुस्तक लिहिले.

तेव्हा वेग हवा असेल त्याने बंदिस्त जागी जावे. आपल्याकडे अशा जागा थोड्या, आणि ज्या नावाजलेल्या आहेत त्या आपल्यापासून दूर. पूर्वी मद्रासकडची मंडळी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवीत. १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे त्यांचा स्वतंत्र ट्रॅक झाला. कोइमतूरचा करी ट्रॅक २००३ चा. ग्रेटर नोइडाचा बुद्ध सर्किट सर्वांत भव्य, सव्वापाच किलोमीटरांना थोडा कमी. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा फेट्टेल जिंकला. अशा ठिकाणी हौशी लोकांसाठी ‘ट्रॅक-डे’ असतात. ही शर्यत नव्हे. नंबर नाही, करंडक नाही. फी भरायची, आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचे आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांत फेऱ्या मारायच्या.

माझा भाचा बावीस वर्षांचा. त्याने ट्रॅक-डेचे नाव काढल्यावर ताईने अन्नपाणी सोडायचेच बाकी ठेवले. शेवटी तडजोड निघाली: “मामा बरोबर जाईल.” म्हणजे मामाने काय करायचे, हे तिने सांगितले नाही. मी गेलो, आणि दिवसभर एका भिंतीआड उभा राहून पाहिले.

तिथले शिक्षक पन्नाशीचे तमिळ गृहस्थ होते. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी गाडीतल्या सुट्या वस्तू बाहेर काढायला लावल्या. छत्री, पाण्याची बाटली, मोबाइल, आणि समोरच्या फळीवर ताईने बसवलेला गणपतीसुद्धा! जोराचा ब्रेक लागला की हे सारे पुढे उडते आणि एखादी वस्तू ब्रेकखाली अडकू शकते. गणपती दिवसभर माझ्या हातात राहिला. मग त्यांनी ब्रेकचे तेल केव्हा बदलले होते ते विचारले. हे तेल हवेतला ओलावा शोषते. जुने झाले की तापल्यावर लवकर उकळते आणि ऐन वेळी पायाखालचा ब्रेक खोल जातो. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी सहसा वगळलेली असते, हेही त्यांनी तेथेच सांगितले. भाच्याचा चेहरा किंचित उतरला.

नंतर बैठक. पाठ टेकलेली असताना हात लांब केला, तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकले पाहिजे. हात घड्याळातल्या पावणेतीनला. “आणि आज घड्याळ एवढेच बघायचे,” ते म्हणाले. फेरीला किती सेकंद लागले हे नवशिक्याने पहिल्या दिवशी मोजूच नये, असे त्यांचे मत. मला ते फार पटले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मीही गुणांऐवजी वाचनाबद्दल विचारत असतो, आणि तेही माझे ऐकत नाहीत.

खरी शिकवणी ब्रेकची होती. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते. कोरड्या सडकेवर ताशी साठच्या गाडीला ब्रेक लागल्यापासून अठरा मीटर लागत असतील, तर एकशेवीसला सत्तर तरी लागतात. म्हणून सगळा जोराचा ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना. पाय ठामपणे दाबायचा आणि उचलताना मात्र हळूहळू, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढावा तसा.

का, ते शिक्षकांनी सांगितले आणि मी माझ्या समजुतीसाठी संसाराच्या भाषेत घेतले. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. तो ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळण्यावर. दोन्हीकडे पूर्ण खर्च करू म्हणाल तर वीस तारखेलाच उसनवारी. ब्रेक जसजसा सुटत जाईल, तसतसे वळण्याला पैसे मोकळे होतात.

वळणाचे गणितही तसे सोपे आहे. बाहेरच्या कडेने यावे, आतल्या कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेर पसरावे. म्हणजे वळणाची त्रिज्या वाढते. पंचवीस मीटर त्रिज्येच्या वळणावर चांगल्या टायरना ताशी पंचावन्नच्या आसपास झेपत असेल, तर पन्नास मीटरच्या वळणावर ऐंशीच्या जवळपास झेपते. नवशिक्याने आतली कड जरा उशिरा गाठावी, म्हणजे बाहेर पडताना रस्ता संपत नाही. आणि डोळे नेहमी पुढच्या जागेवर. नजर कठड्यावर खिळली की गाडी कठड्याकडेच जाते.

हे सर्व भाच्याला समजले होते, निदान तो मान हलवीत होता. तिसऱ्या पाळीत एका उजव्या वळणात तो जास्त वेगाने शिरला, घाबरला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटक्यात काढला. आपण सगळे हेच करू. पण तसे केले की गाडीचा भार एकदम पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर फिरते. गाडी जुनी, स्वतःहून सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था तिच्यात नाही. ती गरकन फिरली आणि गवतात जाऊन उलट तोंडाने उभी राहिली. पिवळे निशाण हलले, मागच्या गाड्या ओळीने मंदावल्या, कोणी कोणाला ओलांडले नाही.

गाडीला ओरखडाही नव्हता. शिक्षक रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पाय का काढलास?” भाचा म्हणाला, “भीती वाटली म्हणून.” “मग भीती कोठे वाटायला हवी होती?” बराच वेळ गेला. “ब्रेकच्या आधी,” तो म्हणाला. मी वर्गात विचारलेल्या प्रश्नाला इतके खरे उत्तर मला क्वचितच मिळाले आहे. खंडाळ्याच्या घाटात अशाच वळणाला बाहेर गवत नसते. दरी असते, नाहीतर समोरून येणारी एस. टी. हे तो बोलला नाही, मीही नाही. गणपती मात्र मी दुसऱ्या हातात घेतला.

चौथ्या पाळीत त्याची गाडी मला हळू वाटली. जवळ उभ्या असलेल्या एका माहितगाराने सांगितले की ती आधीपेक्षा वेगात आहे. आवाज कमी झाला होता; टायर किंचाळत नव्हते, पुढचे नाक खाली आपटत नव्हते. मागून वेगवान गाडी आली की निळे निशाण पाहून तो सरळ पट्ट्यात हात करून तिला वाट देत होता. द्रुतगती मार्गावर त्याने कोणाला वाट दिलेली मी पाहिलेली नाही.

शेवटची फेरी सावकाश मारायची असते, ब्रेक थंड व्हावेत म्हणून. आणि गाडी उभी करताना हॅण्डब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. “आणखी एकच पाळी,” असे भाचा म्हणाला. शिक्षकांनी नाही म्हटले. थकलेली माणसे शेवटच्या पाळीतच गाड्या फिरवतात, हा त्यांचा अनुभव. त्या रात्री परत निघण्यालाही त्यांनी मनाई केली. दिवसभर त्या वेगात राहिलेल्या डोळ्यांना सडकेवरचे ताशी शंभर हे चाळीससारखे वाटते, आणि ते उतरायला एक रात्र लागते. आम्ही मुक्काम केला, इडली खाल्ली आणि ताईला फोन केला. सकाळी टायरमधली हवा पुन्हा तपासून निघालो. गणपती जागेवर बसवला होता.