गाठ बांधा, पण चिठ्ठी लावा!

आदिलाबाद, बेला, जैनथकडच्या दुकानदारांनो, जिनिंगमधल्या मुनीमजींनो, डीटीपीवाल्यांनो, कॉलेजच्या पोरापोरींनो,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. जुन्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्यावर बसू देत नाहीत. मग चालतं यंत्र भंगारात घालायचं? आम्ही काही जणांनी त्यावर जेंटू लिनक्स बसवलं. सरकीसकट कापूस घरी आणायचा आणि आपल्याच जिनात रुई काढायची, तसं हे. मूळ कोड आपल्या यंत्राला मानवेल तसा तिथेच बांधायचा. ब्राउझर बांधायला रात्र जाते, खोटं कशाला सांगू; पण डिसेंबर २०२३ पासून जेंटू तयार बांधणीही देतं.

अडतं ते विकतच्या सॉफ्टवेअरपाशी. बिलाच्या सॉफ्टवेअरसाठी एका कंपनीला फोन केला. लिनक्सची आवृत्ती आहे म्हणाले, पण फक्त डेब गाठीत, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या पॅकेजमध्ये. आत कोणत्या लायब्ररी लागतात? "ते सांगता येत नाही. उबुंटू टाका."

शेकडो लिनक्स, सगळ्यांवर कुठे तपासत बसू, हे कंपन्यांचं नेहमीचं रडगाणं. अहो, तपासा म्हटलंय कोणी? तुमचा कोडही नको. साधी टार फाइल द्या, लायब्ररींची यादी द्या, जीलिबसी ही पायाची लायब्ररी किमान कितवी लागते ते लिहा, चेकसम द्या, जुन्या आवृत्तीची लिंक मोडू नका. आणि ही फाइल मिररवर ठेवायला हरकत नाही, एवढी एक ओळ परवान्यात घाला. बाकीचं ईबिल्ड, म्हणजे जेंटूवर सॉफ्टवेअर बसवायची कृती, लिहिणारे स्वयंसेवक बघतील. डेबियनसाठी बांधलेल्या गुगल क्रोमची गाठ सोडून ते आजही जेंटूवर बसवतातच. गंमत म्हणजे गुगलचं क्रोमओएस जेंटूच्याच पोर्टेज या बांधणीच्या साधनावर बांधलं जातं!

प्रेसमधून निघालेली १७० किलोची गाठ बिनचिठ्ठीची असेल तर आपला व्यापारी तिला हात लावेल?

"तुमचं गिऱ्हाईक थोडं" हे कारण तर या जिल्ह्यात सांगूच नये. नारनूरजवळच्या गुंजाला गावातली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. तिचे वाचक किती, हे विचारून कोणी दार लावलं नाही.

मार्चअखेर सॉफ्टवेअरच्या परवान्याचं नूतनीकरण येईल. पैसे देण्याआधी डीलरकडून लेखी घ्या: टार आणि यादी कधी? एकट्याला हसतील. मार्केट यार्डातल्या वीस दुकानांनी एकाच आठवड्यात विचारलं तर निरोप हैदराबादपर्यंत जाईल. पत्राचा मसुदा मराठीत आणि तेलुगूत तयार आहे. हे पत्रक ज्या काउंटरवर मिळालं, तिथेच मागा.