आळीचा शिक्का कोणाच्या बापाचा?

निवडणूक आली कीं लोणावळें, कामशेत, वडगांव, तळेगांव या बाजूस फलक लागतात : 'अमुक आळीचा तमुक उमेदवारास जाहीर पाठिंबा.' खालीं मंडळाच्या अध्यक्षांची सही, चिटणिसांची सही आणि गोल शिक्का. आम्ही विचारतों, ही आळी म्हणजे कोण? कुंभाराला विचारलें काय? भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या गवंड्याला विचारलें काय? बायांना तर बैठक कधीं भरते हेंहि पुष्कळदां ठाऊक नसतें!

अध्यक्ष निवडले ते गणपतीची वर्गणी जमवावयास, नळाची तक्रार नगरपरिषदेंत न्यावयास. आमचें मत वाटण्याचा मुखत्यारनामा त्यांस कोणीं लिहून दिला?

कोणी म्हणेल, एकीनें राहिलों तरच रस्ता पदरांत पडतो. हें अगदींच खोटें नाहीं. गरिबाजवळ एकीखेरीज भांडवल तें कोणतें? उमेदवारास चारचौघांत उभें करून 'पाण्याचें काय करणार?' असें विचारणें हा आळीचा हक्कच आहे. कायदाहि येथें भेद करतो. सार्वजनिक कामाचें उघड आश्वासन ही लांच नव्हे. पण मतांसाठीं मंडळाला भांडीं, मांडव किंवा रोकड दिली, तर देणाराहि गुन्हेगार आणि घेणाराहि.

ही वाट कोठें जाते तें २०२१ सालीं दिसलें. नाशिक जिल्ह्यांतील उमराणें गांवीं सरपंचपदाची बोली देवळाच्या कामाच्या नांवाखालीं २ कोटी ५ लाख रुपयांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथें ४२ लाखांवर. राज्य निवडणूक आयोगानें दोन्ही ठिकाणच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. ज्याच्या घरीं दोन बैल नाहींत त्यानें दोन कोटींची बोली कोठून लावावी?

खरें दुःख निकालानंतर. पाठिंब्याचा उमेदवार पडला तर सारी आळी निवडून आलेल्याच्या डोळ्यांत सलते. तो आला, तर ज्याच्यावर शिक्क्याविरुद्ध मत दिल्याचा संशय, त्याच्या दाराशीं टँकर उशिरा येतो. मावळांत पावसाळ्यांत छपरें गळतात आणि उन्हाळ्यांत वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. तेथें हा उशीर म्हणजे लहान शिक्षा नव्हे. मत गुप्त ठेवलें आहे तें याच भयासाठीं. आणि तें गुप्त मत आमचे अध्यक्ष फलकावर रंगवितात!

अध्यक्षांस कोणी उमेदवार आवडत असेल तर त्यांनीं स्वतःच्या नांवानें खुशाल सांगावें, घरोघर फिरावें. शिक्का मात्र पेटींत राहूं द्यावा. ठराव करावयाचाच असेल तर आठ दिवस आधीं प्रत्येक घरीं, भाडेकरूच्याहि घरीं, निरोप जावा, बायांस बोलवावें, विरुद्ध मतेंहि वहींत लिहावीं. आणि ठराव मागण्यांचा असावा, माणसाचा नसावा.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, येत्या बैठकीस ती वही मागा. मागचा पाठिंबा कोणत्या तारखेस ठरला आणि त्या वेळीं कोण कोण हजर होतें, एवढेंच विचारा.