विश्लेषण : निकृष्ट गेम्सचा पूर आला की चांगल्या गेम्सचं काय होतं?

फोनवर एखादा गेम शोधायला घ्या. एकाच नावाचे, एकाच रंगाच्या आयकॉनचे दहा-पंधरा गेम समोर येतात. त्यातला एक डाउनलोड केला की अर्ध्या मिनिटात जाहिरात, मग थोडा खेळ, मग पुन्हा जाहिरात. दोन दिवसांत गेम फोनमधून उडवला जातो आणि दुसरा येतो.

वापरणाऱ्याचं यात फार बिघडत नाही, थोडा वेळ आणि थोडा डेटा जातो. गेमिंग उद्योगाला मात्र याची मोठी किंमत मोजावी लागते. एकदा तर अशाच मालामुळे अमेरिकेतली अख्खी बाजारपेठ कोसळली होती.

कॅज्युअल गेम म्हणजे निकृष्ट गेम का?

नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. कॅज्युअल गेम म्हणजे चटकन शिकता येणारा, बसची वाट पाहताना पाच मिनिटं खेळता येणारा गेम. २०१६ मध्ये आलेला 'लुडो किंग' हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण. तो नवी मुंबईतल्या 'गेमेशन' कंपनीने बनवला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वेगवेगळ्या शहरांत अडकलेली कुटुंबं त्यावर एकत्र खेळत होती. 'कँडी क्रश' बनवणारी 'किंग' ही कंपनी तर 'अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड'ने सुमारे ५.९ अब्ज डॉलरला विकत घेतली. हा व्यवहार २०१६ मध्ये पूर्ण झाला. आज जगभरातल्या गेमिंगच्या कमाईत जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा आहे.

निकृष्ट गेम वेगळे. त्यांना उद्योगात 'शव्हलवेअर' म्हणतात, म्हणजे फावड्याने ओढून टाकावा तसा माल. यात दुसऱ्याच्या गेमची घाईने केलेली नक्कल येते. तयार चित्रं, पात्रं आणि कोड विकत घेऊन, फारसं काही न बदलता नवं नाव देऊन विकलेले गेमही येतात. इथे मुद्दा गेम छोटा की मोठा हा नाही. तो खेळण्यासाठी बनवला आहे की फक्त गळाला मासा लावण्यासाठी, हा आहे.

१९८३ मध्ये काय घडलं होतं?

'अटारी २६००' हे घरी टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र १९७७ मध्ये आलं. सुरुवातीला त्याचे गेम अटारीच बनवत असे. १९७९ मध्ये अटारी सोडलेल्या काही प्रोग्रामरनी 'अ‍ॅक्टिव्हिजन' काढली आणि बाहेरच्या कंपनीलाही गेम विकता येतात हे दाखवून दिलं. त्यांचे गेम चांगले होते. पण पाठोपाठ ज्यांचा गेमशी काही संबंध नव्हता अशा कंपन्याही उतरल्या. ओट्स विकणाऱ्या 'क्वेकर'नेही गेमचा विभाग काढला.

खुद्द अटारीनेही घाई केली. १९८२ च्या नाताळासाठी 'ई. टी.' या चित्रपटावरचा गेम हवा होता. प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. सुमारे ४० लाख कार्ट्रिज बनवल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेक पडून राहिल्या. १९८३ मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोमधल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरण्यात आला. २०१४ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा 'ई. टी.'सोबत इतर गेमच्या कार्ट्रिजही बाहेर आल्या.

दुकानात मात्र वेगळीच अडचण होती. बुडालेल्या कंपन्यांचे गेम दुकानदार ५ डॉलरला काढू लागले. शेजारी ३०-३५ डॉलरचा चांगला गेम असला, तरी पाकिटावरून फरक कळायचा नाही. मग पालक स्वस्तातला उचलायचे, मूल हिरमुसायचं आणि पुढच्या वेळी कुणी काहीच घेत नसे. होम कम्प्युटर स्वस्त झाल्याचाही फटका बसला. १९८३ मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलरची असलेली बाजारपेठ १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरच्या आसपास आली, असं सांगितलं जातं.

यातून मार्ग कसा निघाला?

मार्ग काढला जपानच्या 'निन्टेन्डो'ने. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात त्यांनी कुलुपाचं काम करणारी चिप बसवली. परवानगीशिवाय बनवलेली कार्ट्रिज त्यात सहजासहजी चालत नसे. बाहेरच्या कंपनीला वर्षाला साधारण पाच गेमची मर्यादा घातली आणि पाकिटावर गुणवत्तेचा शिक्का छापला. लोकांचा विश्वास परत आला. पण कोणता गेम बाजारात येणार, हे ठरवण्याची ताकद एका कंपनीच्या हातात गेली आणि त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या.

आज पुन्हा तसंच होईल का?

तशी शक्यता कमी आहे. तेव्हा न खपलेला माल दुकानात पडून राहायचा आणि त्यात पैसा अडकायचा. आज गेम डिजिटल आहेत, ठेवायला जागा लागत नाही. त्यामुळे बाजार कोसळत नाही, पण तुंबतो.

कम्प्युटर गेमचं सर्वात मोठं दुकान असलेल्या 'स्टीम'ने २०१७ मध्ये नियम सोपे केले. १०० डॉलर भरा, प्राथमिक तपासणी पार करा आणि गेम विकायला ठेवा. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक गेम आले, म्हणजे दिवसाला सुमारे ५०. एवढे गेम कोण पाहणार? जो दिसतच नाही तो गेम कितीही चांगला असला तरी विकला जात नाही.

नुकसान नेमकं कुणाचं?

मोठ्या कंपन्यांचं फारसं नाही, कारण जाहिरातीसाठी त्यांच्याकडे पैसा असतो. भरडले जातात ते छोटे स्टुडिओ.

२०१४ मध्ये 'थ्रीज' हा आकड्यांचा कोडं-गेम आला. छोट्या टीमने त्यावर १४ महिने काम केलं होतं. काही आठवड्यांतच त्याच्यासारखे फुकट गेम आले. त्यातूनच पुढे आलेला, एका शनिवार-रविवारी लिहिलेला '२०४८' जगभर गाजला. मूळ गेमलाच लोक नक्कल समजू लागले. 'अनपॅकिंग' या २०२१ च्या गेमची नक्कल तर काही काळ अमेरिकेत अ‍ॅपलच्या यादीत वर पोहोचली आणि तक्रारींनंतर हटवली गेली.

पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची 'राजी' ही २०२० मधली कलाकृती यासाठी आठवावी अशी आहे. भारतीय पुराणकथा आणि वास्तुकलेवरचा हा गेम. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरीही त्यांनी तो पूर्ण केला आणि जगभरात त्याची दखल घेतली गेली. अशा स्टुडिओने काही वर्षं खपून गेम बनवायचा आणि तो रोजच्या ५० गेमच्या ढिगात ठेवायचा, हे धाडस दर वेळी कोण करेल?

मग स्टोअरनी दारं बंद करावीत का?

इथेच खरी गोम आहे. दार बंद केलं असतं तर एका माणसाने बनवलेला 'स्टारड्यू व्हॅली' किंवा छोट्या टीमचा 'अमंग अस' आत आला असता का, हा प्रश्न आहे. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, दोन वर्षांनी त्याने जग व्यापलं. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांचा 'फ्लॅपी बर्ड'ही दिसायला ओबडधोबडच होता. त्याचं वेड इतकं पसरलं की निर्मात्याने स्वतःच फेब्रुवारी २०१४ मध्ये तो काढून घेतला. त्यानंतर नकलांचा इतका पाऊस पडला की नावात 'फ्लॅपी' असलेले गेम स्टोअर नाकारू लागले.

म्हणून सगळ्यांना अडवण्यापेक्षा, उघड नक्कल हटवणं आणि परताव्याची सोय देणं हे मार्ग जास्त कामाचे ठरतात. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. एआयने बनवलेला मजकूर किंवा चित्रं वापरली असतील तर ते सांगण्याचा नियमही तिथे २०२४ पासून आहे. गेम बनवणं जसजसं सोपं होईल, तशी या नियमांची गरज वाढणार आहे.

खेळणाऱ्यांच्या हातात काय आहे?

डाउनलोड करण्याआधी बनवणाऱ्याचं नाव बघा आणि त्याचे बाकीचे गेम पाहा. पाच स्टारच्या कौतुकाऐवजी दोन-तीन स्टारचे अभिप्राय वाचा, खरी माहिती तिथे सापडते. साधा कोडं-गेम फोनमधले संपर्क किंवा लोकेशन मागत असेल तर सावध व्हा. आणि एखादा छोटा गेम मनापासून आवडला, तर दोन ओळींचा अभिप्राय लिहा. जाहिरातीला पैसे नसलेल्या स्टुडिओचा गेम त्या दोन ओळींमुळेच पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो.