कार्यारंभीची विचारपूस

शाळेचे हस्तलिखित काढावयाचे ठरले, की मुलांच्या उत्साहास भरती येते. कोणी चित्रे काढू लागतो, कोणी लेख जमवतो. पुढे मात्र ध्यानात येते, की सर्व पाने लिहिण्याचा भार सुंदर अक्षर असलेल्या एकाच मुलीवर पडला आहे. ही भीती तिला पहिल्याच दिवशी वाटलेली असते. पण तिला कोणी विचारीत नाही आणि ती आपण होऊन बोलत नाही. लोक तिच्या भिडस्तपणास दोष देतात. वास्तविक दोष न विचारणाऱ्यांचा होय.

शस्त्रक्रियेच्या वेळी तर अशा मौनाची किंमत रुग्णाला प्राण देऊन मोजावी लागते. म्हणून २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने १९ कलमांची एक सूची सिद्ध केली. या कार्याचे नेतृत्व करणारे अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातील खेड्यातले. या सूचीनुसार, शस्त्र चालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे असते. शल्यचिकित्सक अवघड टप्पे सांगतो, भूल देणारा डॉक्टर रुग्णाविषयीची चिंता सांगतो आणि परिचारिका उपकरणांसंबंधीच्या अडचणी मांडते.

दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत या सूचीची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी दर हजार रुग्णांमागे १५ मृत्यू होत. ते ८ वर आले. सूचीत औषधांसंबंधीही कलमे होती. तेव्हा सारे श्रेय बोलण्यासच देता येणार नाही. तथापि, अनुभवी डॉक्टरांनाही आरंभी परस्परांस विचारणे आवश्यक वाटले, हे विसरता कामा नये.

आरंभीच शंका काढणे म्हणजे अपशकुन, असे काहींना वाटते. परंतु बोलून दाखविलेल्या शंकेवर उपाय योजता येतो. मनात दडलेली शंका ऐन वेळी घात करते. विहीर खणावयाची ती आग लागण्यापूर्वी!

यास्तव, सहल असो वा स्नेहसंमेलन, प्रमुखाने प्रथम प्रत्येकास नावाने हाक मारून दोन प्रश्न विचारावेत : 'तुझी अपेक्षा काय? तुला कसली चिंता वाटते?' सर्वांत लहान असेल त्याला आधी बोलू द्यावे आणि त्याच्या बोलण्यास कोणी हसू नये. प्रमुखपणाचे पहिले कर्तव्य आज्ञा देणे हे नसून ऐकून घेणे हे आहे.